पहारेकऱ्याचा पगार कोणी द्यावा?

वसंतातल्या संध्याकाळी मोकळ्या पटांगणात बसून श्रोत्यांनी काव्यावर, इतिहासावर, झालेच तर अध्यात्मावर ऐकावे, असा आपल्या व्याख्यानमालांचा रिवाज आहे. तेथे कारखान्यांच्या तपासणीची फी हा विषय घेऊन उभे राहणे म्हणजे लग्नाच्या पंक्तीत काढ्याची वाटी फिरवण्यासारखे आहे, हे आम्ही जाणून आहो. तरी तो घेतला, कारण ज्या गावांत अशा व्याख्यानमाला भरतात त्यांतल्या कितीतरी गावांच्या वेशीला आज औद्योगिक वसाहत भिडली आहे, आणि रात्री वारा फिरला की तिकडचा वास आपल्या माजघरात येतो. त्या वासावर कोणाची नजर आहे आणि त्या नजर ठेवणाऱ्याला पैसे कोण देतो, हा प्रश्न मग केवळ कामगारांचा राहत नाही.

आमच्या डोक्यात हा प्रश्न एका चौकटीने घातला. ज्या रासायनिक कारखान्यात आम्ही उमेदवारीला लागलो, तेथे दरवाजाशेजारच्या कचेरीत कारखान्याचा परवाना काचेत बसवून टांगलेला असे. रात्रशाळेत नुकतेच अक्षर सुधारले होते, म्हणून दिसेल ते वाचण्याची खोड होती. त्या कागदावर दोन आकडे ठळक होते: कामगार जास्तीत जास्त किती, आणि यंत्रांची अश्वशक्ती किती. या दोहोंच्या कोष्टकावरून परवान्याची फी ठरे. आपल्याकडे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याखालची फी याच रीतीने ठरत आली. आमच्याबरोबर एक म्हातारा टाकीवाला होता. तो एकदा म्हणाला, "पोरा, माझ्या टाकीचं नाव यात कुठं आहे ते सांग." टाकीचे नाव कोठेच नव्हते. टाकी स्वस्थ उभी असते. तिला अश्वशक्ती लागत नाही, तिच्यापाशी माणूसही एखादाच. कापडाच्या गिरणीला शेकडो माणसे आणि शेकडो अश्वशक्ती, म्हणून तिची फी मोठी. गाव झोपेत असताना गावाचा घास घेईल अशा वायूची टाकी बाळगणाऱ्याची फी लहान. फीचा आणि धोक्याचा काडीचा संबंध नाही, हे त्या दिवशी प्रथम ध्यानात आले.

पूर्वी गावची राखण जागल्या आणि रामोशी करीत. त्यांचा हक्क सगळ्या गावाने द्यावयाचा, कारण चोर कोणाच्या घरी शिरेल हे कोणासच ठाऊक नसे. ही व्यवस्था रास्त होती. परंतु एखाद्याने आपल्या वाड्यात स्वतःच्या नफ्यासाठी दारूगोळ्याचे कोठार केले आणि त्यावर रात्रंदिवस वेगळा पहारा बसवावा लागला, तर त्या पहाऱ्याचा खर्च कुंभारा-न्हाव्याने का सोसावा? तो कोठारवाल्यानेच द्यावा, असे कोणीही म्हणेल. आपल्या देशातही एका बाबतीत हे तत्त्व फार पूर्वी मान्य झाले. बॉयलरच्या १९२३ च्या कायद्याने बॉयलरचा मालक तपासणीची फी भरू लागला, बॉयलर इन्स्पेक्टर येऊन बॉयलर आतून-बाहेरून पाहू लागला, आणि त्याच्या दाखल्याशिवाय वाफ धरता येईनाशी झाली. गिरणगावातल्या कोणाही जुन्या फायरमनला हे पाठ असे. बॉयलर जितका मोठा तितकी फी मोठी. मग बॉयलरला जे लागू ते वायूच्या टाकीला का नाही?

हा विचार ज्या देशाने शेवटपर्यंत नेला, आणि नेताना ठेचाही खाल्ल्या, तो ब्रिटन. म्हणून पुढची बरीचशी हकीकत तिकडची आहे. आमचे इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलेले. पण कायदे आणि चौकशीचे अहवाल हळूहळू वाचले तर समजतात, असा आमचा अनुभव आहे.

ब्रिटनमध्ये १८३३ च्या कायद्याने पहिले चार सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टर नेमले गेले. त्यांचा पगार सरकारने द्यावयाचा, म्हणजे अखेर करदात्याने. पुढे सुमारे दीडशे वर्षे तेथील सामान्य कारखान्यांच्या तपासणीचे धोरण हेच राहिले. त्याला धक्का दिला तो एका शनिवारी. १ जून १९७४ रोजी संध्याकाळी पाच वाजावयास थोडा अवकाश असताना इंग्लंडच्या पूर्वेकडील फ्लिक्सबरो येथे नायलॉनसाठी कच्चा माल बनवणारा कारखाना स्फोटाने जमीनदोस्त झाला. २८ माणसे मेली. त्यांतली १८ नियंत्रण-खोलीत होती. त्या खोलीतून कोणीही जिवंत बाहेर आला नाही. भोवतालच्या सुमारे १,८०० घरांची मोडतोड झाली. शनिवारऐवजी कामाचा दिवस असता, तर कचेरीतली माणसेही त्यात गेली असती.

कारण ऐकण्यासारखे आहे. सायक्लोहेक्झेन नावाचा पेट्रोलसारखा ज्वालाग्राही द्रव एकापुढे एक असलेल्या सहा मोठ्या पात्रांतून जात असे. पाचव्या पात्राला चीर गेली म्हणून ते काढले, आणि उत्पादन थांबू नये यासाठी चौथ्यातून थेट सहाव्यात जाणारी वीस इंची वाकडी नळी जोडली. त्या नळीचा आराखडा कोणता? तर कार्यशाळेच्या फरशीवर खडूने काढलेला. ते काम तपासू शकेल असा यंत्रशास्त्राचा जाणता इंजिनिअर त्या वेळी कारखान्यात नव्हता. पूर्वीचा नोकरी सोडून गेला होता आणि जागा भरलेली नव्हती. दोन महिन्यांनी नळी फुटली.

आता आमच्या चौकटीची आठवण ठेवून पुढचे वाचावे. या कारखान्यापाशी स्थानिक अधिकाऱ्यांचा परवाना होता तो ७,००० गॅलन नॅप्था आणि १,५०० गॅलन पेट्रोल साठवण्याचा. आवारात सायक्लोहेक्झेनच ३,३०,००० गॅलन होते, शिवाय बेन्झीन, टोल्युइन व नॅप्था निराळे. चौकशी न्यायालयाने प्रामाणिकपणे नमूद केले की, या बिनपरवाना साठ्यामुळे अपघात घडला असे म्हणता येणार नाही. ते खरे आहे. परंतु कागदावरचा कारखाना आणि जमिनीवरचा कारखाना यांत केवढे अंतर पडू शकते, हे त्यावरून दिसले. ते अंतर मोजण्याचे काम तेव्हा कोणाकडेच नव्हते.

त्याच वर्षीच्या जुलैत कामाच्या ठिकाणच्या आरोग्याचा व सुरक्षिततेचा नवा कायदा तेथे संमत झाला. त्याची तयारी आधीपासून चाललेली होती. १९७५ च्या आरंभी हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह ही संस्था उभी राहिली. आपण तिला सुरक्षा खाते म्हणू. १९७६ च्या जुलैत इटलीत सेवेसो गावावर विषारी डायॉक्सिनचा ढग उतरला, आणि युरोपातल्या देशांनी १९८२ साली मिळून घातक कारखान्यांविषयी निर्देश काढला. ब्रिटनने त्याप्रमाणे १९८४ साली नियम केले. तो निर्देश सुधारल्यावर १ एप्रिल १९९९ पासून जे नियम आले, त्यांना इंग्रजी आद्याक्षरांवरून 'कोमाह' म्हणतात. २०१५ साली ते पुन्हा नवे करण्यात आले. आमचा आजचा विषय, म्हणजे फी, या १९९९ च्या नियमांबरोबर आली.

या नियमांचा गाभा साधा आहे. तुमच्याकडे माणसे किती, यंत्रे किती, हे कोणी आधी विचारीत नाही. पदार्थ कोणता आणि तो किती, एवढे विचारतात. क्लोरीन दहा टन असेल तर तुम्ही खालच्या वर्गात, पंचवीस टन झाले की वरच्या. अमोनियासाठी हेच आकडे पन्नास आणि दोनशे टन. खालच्या वर्गाने सुरक्षा खात्याला कळवावयाचे आणि मोठा अपघात टाळण्याचे आपले धोरण लिहून ठेवावयाचे. वरच्या वर्गाने सविस्तर सुरक्षा-अहवाल लिहावयाचा: काय काय बिघडू शकेल, बिघडले तर ढग कोठवर जाईल, आणि ते टाळण्यासाठी काय केले आहे. हा अहवाल किमान पाच वर्षांनी पुन्हा तपासावा लागतो. कुंपणाच्या आतली आपत्कालीन योजना मालकाने करावयाची, बाहेरची स्थानिक सरकारने.

भोपाळ ज्या वायूने उद्ध्वस्त केले, त्या मिथाइल आयसोसायनेटचा आकडा या नियमांत किती असावा? १५० किलो. एवढा साठा झाला की कारखाना एकदम वरच्या वर्गात. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या त्या एका टाकीत सुमारे चाळीस टन होता. आमच्या मृतांकडे पाहून युरोपने आपले आकडे खाली आणले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही.

आता फीकडे वळू. सुरक्षा-अहवाल वाचणे, त्यातली गणिते तपासणे, जागेवर जाऊन पाहणे, त्रुटी कळवणे आणि पुन्हा जाऊन पाहणे, या कामाला निरीक्षकांचे व तज्ज्ञांचे जेवढे तास लागतात, तेवढ्यांचे बिल त्या कारखान्याला जाते. दर खात्याने जाहीर केलेला असतो. त्यात निरीक्षकाचा पगार, कचेरी, प्रवास, प्रशिक्षण यांचा वाटा धरलेला असतो. नफा धरावयाचा नाही, खर्च भरून निघावा इतकेच. ज्याचा कारखाना गुंतागुंतीचा किंवा गबाळा, त्याच्यामागे तास जास्त लागणार आणि त्याचे बिल मोठे येणार. ज्याने अहवाल नीट लिहिला आणि सांगितलेली दुरुस्ती मुदतीत केली, त्याचे लहान. बाहेरच्या योजनेचेही तसेच. ती करणे व तिची रंगीत तालीम घेणे यांचा वाजवी खर्च स्थानिक सरकार मालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे शेजारच्या वस्तीला वेळेवर कसे हलवावे, याचा विचार करणाऱ्याचा मोबदलाही वस्तीला द्यावा लागत नाही. त्याच सुमारास समुद्रातल्या तेलविहिरींच्या तपासणीलाही अशीच फी लागली. अणुऊर्जेच्या बाबतीत तर तेथील नियामकाचा बहुतेक खर्च उद्योगच भरतो.

मालकवर्गाची तक्रार काय असणार, ते श्रोत्यांनी ओळखलेच असेल. बोलावले नसताना पाहुणा येतो, आणि वर त्याच्या टांग्याचे भाडे आम्हीच द्यावयाचे! यावर आमचे उत्तर कोठाराच्या दृष्टांतातच आले आहे. धोका तुम्ही आणला, नफा तुम्ही घेता, तेव्हा नजरेचा खर्च तुमच्या मालाच्या किमतीत यावा. तो शाळा-दवाखान्यांच्या पैशातून काढू नये. मात्र आमच्याच चळवळीतून येणारी शंका अधिक वजनदार आहे. आपल्याकडे म्हण आहे, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. मालकाच्या पैशावर जगणारा निरीक्षक मालकाला दुखवील काय?

या शंकेचे उत्तर शोधताना आम्हांला असे दिसले की, पैसा कोणाच्या खिशातून निघाला यापेक्षा निरीक्षक कोणी निवडला, दर कोणी ठरवला आणि पैसा थांबवण्याची ताकद कोणाकडे आहे, हे पाहावे लागते. ब्रिटनच्या पद्धतीत मालक निरीक्षक निवडीत नाही, दरावर घासाघीस करू शकत नाही, आणि 'यंदा येऊ नका' असे म्हणू शकत नाही. याउलट, सरकारी तिजोरीतून पगार घेणारा निरीक्षकही मिंधा होऊ शकतो, याचे उदाहरण त्याच देशात आहे. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रात पायपर आल्फा हा तेलाचा मंच जळाला आणि १६७ माणसे गेली. त्या वेळी समुद्रातल्या सुरक्षिततेची जबाबदारी ऊर्जा खात्याकडे होती, म्हणजे तेल लवकर आणि भरपूर निघावे ही ज्याची चिंता त्याच खात्याकडे. लॉर्ड कलन यांच्या चौकशीने १९९० साली ती तेथून काढून सुरक्षा खात्याकडे द्यावी असे सांगितले, आणि तसे झाले. पगार तिजोरीचा असूनही कान तेलाकडे लागलेले होते. आपल्याकडे बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून कारखान्याच्या सुरक्षिततेची तपासणी करवून घेण्याची पद्धत आहे. तो मान्यताप्राप्त असतो हे खरे. पण त्याला निवडतो मालक आणि पैसे देतो मालक. पोळी-टाळीची म्हण आम्हांला येथे जास्त लागू दिसते.

येथवर आम्ही या फीचे वकील आहोत. पुढे ब्रिटनने दुसरी एक फी काढली. तिच्याविषयी आमचे मन तितके स्वच्छ नाही.

२०१० नंतर तेथील सरकारने काटकसर आरंभली, आणि सुरक्षा खात्याला मिळणारे सरकारी अनुदान चार वर्षांत किमान ३५ टक्के कमी करावयाचे ठरले. १ ऑक्टोबर २०१२ पासून नवा नियम आला. ही फी घातक साठे असलेल्या कोमाह-कारखान्यांपुरती नाही, त्यांची फी वेगळी चालूच आहे. ही इतर कारखाने, बांधकामे, शेतवाड्या, खात्याचा निरीक्षक जेथे जेथे जातो तेथे तेथे लागू. निरीक्षक आला आणि सगळे ठीक आढळले, तर एक पैही पडत नाही. परंतु कायद्याचा भंग झाला आहे व तो लेखी कळवण्याइतका गंभीर आहे असे त्याचे मत झाले, तर त्या भेटीचा सगळा वेळ, पत्र लिहिण्याचा वेळ, तज्ज्ञाला विचारण्याचा वेळ, सगळ्याचे बिल लागते. आरंभी दर तासाला १२४ पौंड होता. एप्रिल २०२४ पासून तो १७४ झाला. जुन्या दराने पंधरा तास धरले तरी १,८६० पौंड होतात. लहान सुताराच्या दुकानाला हे जड आहे.

पहिल्या फीत आणि या फीत फरक कोठे आहे, ते नीट पाहिले पाहिजे. पहिली फी पहाऱ्याची आहे. धोका बाळगला म्हणून पडते. त्यात दोष सापडो वा न सापडो, निरीक्षकाच्या खात्याला वेळेचा मोबदला मिळतो. दुसरी दोष सापडला तरच पडते. मग दोष शोधणाऱ्याच्या मनात नसले तरी पाहणाऱ्याच्या मनात येतेच, की खात्याचे अंदाजपत्रक तर यामागे नाही? मार्टिन टेंपल यांनी २०१४ च्या जानेवारीत या खात्याचा आढावा सरकारला सादर केला, त्यात हीच काळजी मांडली होती. भंगाबद्दलचा पैसा आणि नियामकाचे उत्पन्न यांची गाठ राहिली तर त्याच्या निःपक्षपातीपणाला बाध येतो, ही गाठ सोडवता येत नसेल तर ही फी बंद करण्याच्या मार्गाला लागावे, असा त्यांचा रोख होता. त्याच वर्षी प्राध्यापक ॲलन हार्डिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या मंडळाने मात्र फी चालू ठेवण्याच्या बाजूने मत दिले, आणि ती चालू राहिली.

तिच्यावरच्या तक्रारीची सोय तर आरंभी अशी होती की, वाद गेला तर तो ऐकणाऱ्या मंडळात खात्याचीच माणसे बहुसंख्य. एका कंपनीने हा प्रश्न न्यायालयात नेला. निकालापर्यंत जाण्याआधीच खाते नमले, आणि १ सप्टेंबर २०१७ पासून वकील अध्यक्ष व दोन जाणकार सभासद असे स्वतंत्र मंडळ आले. कंपनीने आपल्या खिशासाठी केलेल्या या भांडणातून झालेली सुधारणा चांगली होती, हे कामगार संघटनेतल्या माणसानेही कबूल करावे.

आमची भीती निराळी आहे, आणि ती पुस्तकातून आलेली नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या युनियनच्या एका कारखान्यात इन्स्पेक्टरसाहेब आले असता एका फिटरने त्यांना गळणारा व्हॉल्व्ह दाखवला. मॅनेजरसाहेब बरोबर असताना दाखवला, एवढाच त्याचा गुन्हा. पुढे खटला झाला, कंपनीला दंड झाला. बोनसच्या बोलणीला आम्ही बसलो, तेव्हा मॅनेजरांनी दंडाची पावती टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तात्या, हे तुमच्या माणसाचे कर्तृत्व. आता बोनस कोठून देऊ?" दंडाची रक्कम एवढी क्षुल्लक होती की बोनसमध्ये माणशी चहाचा कपही कमी झाला नसता. पण बाहेर व्हरांड्यात आमचीच माणसे त्या फिटरकडे वाकड्या नजरेने पाहू लागली. त्याला सहा महिने सलग रात्रपाळी मिळाली. त्यानंतर त्या खात्यात कोणी साहेबांना काही दाखवले नाही, आणि आम्हीही तेव्हा त्याच्यासाठी जितके भांडावयास हवे होते तितके भांडलो नाही. हे येथे लिहून ठेवतो.

सत्य सांगण्याला किंमत लावली की ती सांगणाऱ्याच्या अंगावर येते. दोष सापडला तरच पैसे, या पद्धतीत ही जोखीम अंगभूत आहे. ब्रिटनच्या कायद्यात मात्र यावर एक औषध आधीपासून आहे. १९७४ च्या त्या कायद्याप्रमाणे निरीक्षकाने काय पाहिले, काय कारवाई केली वा करणार आहे, हे त्याने कामगारांच्या प्रतिनिधींनाही सांगितले पाहिजे. १९७८ पासून युनियनने नेमलेल्या सुरक्षा-प्रतिनिधींना कायद्याने स्थान आहे. तेव्हा तेथे फिटर एकटा पडू नये अशी सोय कागदावर तरी आहे.

बंद पाकिटातून फी भरली म्हणजे कारखाना सुरक्षित झाला, असेही कोणी समजू नये. ब्रिटनमधला बन्सफील्डचा तेलसाठा हा कोमाहच्या वरच्या वर्गातला. अहवाल, तपासणी, फी, सगळे त्याला लागू होते. १० डिसेंबर २००५ च्या संध्याकाळी एका टाकीत नळाने पेट्रोल भरणे सुरू झाले. पातळी दाखवणारे मापक अडकून बसले. त्याच्यावर उपाय म्हणून शेवटचा स्वयंचलित खटका होता, तो निकामी होता. पहाटे टाकी वाहू लागली, अडीच लाख लिटर पेट्रोल बाहेर पडले, आणि सहा वाजून एक मिनिटाने स्फोट झाला. रविवार होता. ४३ माणसे जखमी झाली. मेले कोणी नाही, हे केवळ नशीब. आणि ते मापक काही त्याच दिवशी प्रथम अडकले नव्हते. ऑगस्टच्या अखेरीपासून ते चौदा वेळा अडकले होते. पाळीवरच्या माणसांना ते ठाऊक होते. कधी नोंद झाली, कधी झाली नाही. निरीक्षकाचे तास पैसे देऊन मिळतात. चौदा वेळा अडकलेले मापक त्याला दाखवणारा माणूस कोणत्याही दराने मिळत नाही. त्याला आधी विचारावे लागते, आणि सांगितल्यावर रात्रपाळीपासून वाचवावे लागते.

आता आपल्या घरी येऊ. भोपाळनंतर १९८७ साली फॅक्टरी कायद्यात घातक कारखान्यांचे प्रकरण घातले गेले. सुरक्षा समितीत कामगारांना जागा मिळाली, आणि जिवावरचे संकट दिसले तर ते वर कळवण्याचा हक्कही. १९८९ साली घातक रसायनांच्या साठ्याचे नियम झाले. त्यांची मांडणी युरोपातल्यासारखीच आहे, पदार्थ आणि त्याचे वजन पाहणारी. १९९१ साली सार्वजनिक दायित्व विम्याचा कायदा झाला. त्यात मालकाने विम्याचा हप्ता भरावयाचा, आणि हप्त्याएवढीच रक्कम मदतनिधीला द्यावयाची. हा कायदा चांगला आहे, पण त्याचा पैसा अपघात झाल्यावर उपयोगी पडतो. अपघाताच्या आधी नजर ठेवणाऱ्याला तो मिळत नाही. म्हणजे नियमांचे अर्धे अंग आपण उचलले आणि ते चालवण्याचा खर्च धोक्याप्रमाणे वसूल करण्याचे दुसरे अर्धे तिकडेच ठेवले. डोंबिवलीत मे २०१६ मध्ये स्फोट झाला, आणि मे २०२४ मध्ये पुन्हा झाला. दोन्ही वेळा कामगार मेले आणि आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. दोन्ही वेळा निरीक्षक किती, कारखाने किती, याची चर्चा वर्तमानपत्रांत झाली. निरीक्षक कमी का, तर सरकारपाशी पैसा नाही. ज्यांच्यावर नजर ठेवावयाची त्यांच्यापाशी तो आहे.

श्रोत्यांत कोणी लहान कारखानदार असतील, त्यांना ही गोष्ट आपल्या गळ्याला फास वाटेल. पण साठ्यावर फी बसली तर पिशवीभर सोडा बाळगणाऱ्याला ती लागणारच नाही, आणि आज अश्वशक्तीवर जे भरावे लागते ते उलट कमी होईल. आमची मागणी पहिल्या प्रकारच्या फीची आहे, दुसऱ्या प्रकारची नको. दर सरकारने जाहीर करावा, निरीक्षक सरकारने पाठवावा, पैसा खात्याच्या स्वतंत्र खात्यात जावा. आणि बिलावर निरीक्षकाने कोणत्या तारखेस, किती तास, कोणत्या टाकीपाशी घालवले हे लिहिलेले असावे, आणि त्याची एक प्रत सुरक्षा समितीतल्या कामगारांना मिळावी. साहेब तीन तास टाकीपाशी होते की केबिनमध्ये, हे टाकीवाला चटकन सांगू शकेल.

बाहेरच्या वस्तीला धोक्याची माहिती देण्याचे बंधन १९८९ च्या नियमांतही आहे. ते कसे पाळले जाते, हे पाहण्यासाठी आम्ही दोन वर्षांपूर्वी एका गावच्या अशाच व्याख्यानात श्रोत्यांना विचारले, की वेशीवरच्या कारखान्याचा भोंगा कसा वाजला म्हणजे दारे-खिडक्या लावून घरात बसावयाचे आणि कसा वाजला म्हणजे बाहेर पडावयाचे, हे कोणाला ठाऊक आहे? सुमारे तीनशे माणसे होती. तीन हात वर झाले. तिघेही त्याच कारखान्यात कामाला होते, आणि त्यांतल्या दोघांची उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत.